कागदाच्या मागे पाहणारा कायदा

गाडगेबाबांनी देह ठेवला तो आमच्या वलगावला. २० डिसेंबर १९५६ चा दिवस. अमरावतीला नेत असताना पेढी नदीच्या पुलाजवळ गाडीतच प्राण गेला. तेव्हापासून डिसेंबर उजाडला की आमच्या भागात बाबांचं नाव जास्त घेतलं जातं. झाडलोट होते, कीर्तनं होतात, बाबांचा उपदेश एकमेकांना सांगितला जातो. पोरांना शिकवा. देवापुढे बकरं कापू नका. आणि कर्ज काढू नका.

हा शेवटचा उपदेश मागच्या डिसेंबरात माझ्याच अंगावर आला. आम्ही चार-सहा जण एक निवेदन घेऊन सह्या गोळा करत होतो. मागण्या दोन. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा आणखी घट्ट करावा आणि व्याजाने पैसा देणारे सगळे, मग ते सावकार असोत की कंपन्या, एकाच न्यायाने बांधावेत, ही पहिली. गरीब देशांच्या डोक्यावर खासगी धनकोंचं जे कर्ज आहे ते आवाक्यात आणणारे कायदे लंडन-न्यूयॉर्कमध्ये व्हावेत यासाठी भारत सरकारने जगापुढे आवाज उठवावा, ही दुसरी. पहिलीवर लोक लगेच सही करत. दुसरी वाचून दाखवली की एकमेकांकडे पाहत.

ज्यांना मी लहानपणापासून काकाजी म्हणत आलो, त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि सही न करता परत दिला. “बाबू, गाडगेबाबा सांगून गेले, कर्ज काढू नका. आन् तुमी काढलेल्या कर्जातून सोडवाचे कायदे मांगता. घेतला पैसा त द्याच लागते. सावकाराले कायद्यानं बांधलं त उद्या अडल्यानडल्याले उसने कोन देईन? आन् ते झांबिया का कोनतं, त्याचं आपल्याले काय करा लागते?”

काकाजी लबाड माणूस नाही. त्यांनी आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही. त्यांचं बोलणं गावातल्या निम्म्या लोकांच्या मनातलं आहे, आणि हेच बोलणं इस्त्रीच्या कपड्यात मोठ्या परिषदांमधूनही ऐकू येतं. म्हणून त्याला नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

आधी बाबांबद्दल. बाबा म्हणजे शेंडगावचे देबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील लवकर गेले, तेव्हा आई त्यांना घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. मामा चंद्रभानजींची शेती चांगली होती. ती सावकाराच्या कागदात गेली आणि त्या धसक्याने मामाही गेले. पुढे वावराचा ताबा घ्यायला सावकार आला, तेव्हा औत धरलेला तरुण देबूजी त्याच्यापुढे उभा ठाकला आणि त्याला परतवून लावलं, ही हकिगत बाबांच्या चरित्रांत आहे. कर्ज काढू नका असं सांगणाऱ्या माणसाचं घर कर्जाच्या कागदाने उद्ध्वस्त केलेलं होतं. बाबांच्या कीर्तनाला समोर बसायचा तो ऋणको. त्याला सावध करणं हे कीर्तनकाराचं काम, ते त्यांनी जन्मभर केलं. सावकाराला लगाम घालणं हे विधिमंडळाचं आणि न्यायालयाचं काम. बाबांचा उपदेश विधिमंडळाची पळवाट म्हणून वापरणं हा बाबांवर अन्याय आहे. ज्या तरुणाने ताबा घ्यायला आलेल्या सावकाराला वावरातून हाकललं, त्याला सावकाराच्या बाजूचा साक्षीदार करू नका.

आता “घेतला पैसा त द्याच लागते” याबद्दल. हे वाक्य मलाही मान्य आहे. प्रश्न एवढाच की घेतला किती, आणि ते ठरवायचं कशावरून.

माझ्या आत्याच्या घरची गोष्ट सांगतो. २०१७ साली बोंडअळीने कपाशी खाल्ली ते वर्ष. आत्याच्या मुलाला पैशाची नड होती. एका माणसाने पैसे दिले, शेकडा तीन रुपये महिना. तारण म्हणून गहाणखत केलं नाही, सरळ खरेदीखत केलं. नाल्याच्या कडेचं दोन एकर वावर. दुय्यम निबंधकासमोर अंगठे, फोटो, साक्षीदार, सगळं रीतसर. तो कागद मी दहा वेळा वाचला आहे. त्यात लिहिलं आहे की विक्रीची पूर्ण रक्कम पावली, ताबा दिला, आता काही तक्रार नाही. रक्कम सरकारी दराप्रमाणे लिहिलेली, कारण त्याहून कमी लिहिली तर मुद्रांकाची अडचण येते. प्रत्यक्ष हातात पडले त्याच्या निम्मेही नाहीत. ताबा तर दिलाच नव्हता. त्याच दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर तोंडी ठरलं होतं, “पैसे आनून दे, वावर तुह्या नावानं फिरवून देतो. तोवर तूच पेर.” आणि तो पेरत राहिला. फेरफार होऊन सातबारावर दुसऱ्याचं नाव चढलं, पण सोयाबीनच्या बियाण्याची पावती याच्या नावाची, खताची पावती याच्या नावाची, बाजार समितीतली विक्रीची पट्टी याच्या नावाची.

कागद म्हणतो विक्री. पावत्या म्हणतात कर्ज. आत्या एकदा बोलून गेली, “कागद त खरा हाय बाप्पा, पन त्यातली गोष्ट खोटी हाय.”

२०१४ च्या कायद्यातलं कलम १८ आत्याच्या या वाक्यासाठीच आहे. सावकाराच्या हातात गेलेली स्थावर मिळकत, मग ती विक्रीने गेलेली दिसो, गहाणाने, पट्ट्याने की अदलाबदलीने, ती मुळात सावकारीच्या व्यवहारातून गेली आहे का, याची चौकशी जिल्हा उपनिबंधक करू शकतो. तसं आढळलं तर तो कागद अवैध ठरवून मिळकत ऋणकोला परत देण्याचा आदेश देऊ शकतो. आत्याच्या मुलाने पावत्यांचं गाठोडं जोडून अर्ज केला. चौकशीची नोटीस गेली, आणि जो माणूस चार वर्षं भेटत नव्हता तो स्वतःहून बोलणीला आला. मुद्दल आणि रास्त व्याज चुकतं केलं, वावर परत नावावर झालं. काकाजी, यात पैसा कुणी बुडवला? घेतला तो दिला. न घेतलेला द्यायला नाही म्हटलं, एवढंच.

असा कायदा मागणारे आपण पहिले नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर गेला. त्यांना हवे होते रोखे, कर्जाचे कागद. ते मिळवून त्यांची होळी केली. पुणे-नगर भागात गावोगाव तेच झालं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याचा गाभा असा की न्यायाधीशाने नुसता रोखा पाहून हुकूमनामा द्यायचा नाही. व्यवहाराचा इतिहास उकरायचा, मुळात किती दिले, व्याज किती चढवलं, फेडले किती, सगळं तपासायचं. कागदाच्या मागे पाहायचं. इंग्रज सरकार शेतकऱ्याच्या कळवळ्याने वितळलं होतं असं मी म्हणत नाही. पण सह्या झाल्या म्हणजे न्याय झाला असं होत नाही, हे तत्त्व या मुलखात तेव्हाच कायद्याच्या पुस्तकात आलं. त्याहून जुना तर दामदुपटीचा नियम: व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त मागता येत नाही. आपल्या आज्या-पणज्यांना तो पाठ होता.

मग करार पवित्र असतो, त्याला हात लावू नये, हा धर्म आला कुठून? तो ज्यांच्या सोयीचा आहे त्यांच्याकडून.

झांबियाची गोष्ट काकाजींना त्या दिवशी सांगता आली नाही, ती इथे सांगतो. १९७९ साली या आफ्रिकी देशाने रुमानियाकडून ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं उधारीवर घेतली. पुढे तांब्याचे भाव पडले आणि देश कर्जात बुडाला. १९९९ मध्ये डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने रुमानियाकडून ती जुनी उधारी सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतली. ट्रॅक्टर तिने दिले नव्हते, झांबियाला एक पैसाही दिला नव्हता. नुसता कागद घेतला. आणि लंडनच्या न्यायालयात दावा ठोकला साडेपाच कोटी डॉलरचा. २००७ मध्ये न्यायालयाने दीड कोटी डॉलरहून जास्त रक्कम मंजूर केली. न्यायाधीशांना हा प्रकार आवडला नव्हता, हे निकालातून दिसतं. पण त्यांच्यासमोर करार होता, आणि कराराच्या मागे जायला कायदा नव्हता. ज्या काळात इतर देश आणि जागतिक बँक झांबियाला कर्जमाफी देत होते, त्याच काळात हे घडलं. एकाने सोडलेला पैसा दुसऱ्याने उचलून नेला.

या आणि अशा दाव्यांवरून ब्रिटनमध्ये लोक उठले. चर्चमधली माणसं, कामगार संघटना, विद्यार्थी यांनी वर्षानुवर्षं खासदारांच्या मागे लागून २०१० मध्ये पार्लमेंटकडून कायदा करून घेतला. सर्वांत कर्जबाजारी गरीब देशांच्या जुन्या कर्जावर, बाकीच्या धनकोंनी जेवढी सूट दिली तेवढी खासगी धनकोनेही दिली पाहिजे. त्याहून जास्त ब्रिटिश न्यायालयातून वसूल होणार नाही. बेल्जियमने २०१५ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं: कवडीमोलाने कागद विकत घेऊन देशाला पिळणाऱ्या फंडाला, त्याने कागदासाठी जेवढे मोजले त्याहून जास्त मिळणार नाही. त्या कायद्यावर एका अमेरिकी फंडाच्या कंपनीने दावा केला. २०१८ मध्ये बेल्जियमच्या घटना न्यायालयाने कायदा टिकवला.

पण ब्रिटनचा कायदा जुन्या कर्जापुरता. त्यानंतर गरीब देशांनी बाजारात रोखे विकून जे कर्ज उचललं ते त्यात येत नाही. झांबियानेच २०१२ पासून तीन वेळा असे रोखे काढले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकला. त्याच महिन्यात जी-२० देशांनी कर्जाच्या फेररचनेसाठी एक चौकट ठरवली. सरकारी धनको सूट देतील, खासगी धनकोंनीही तेवढीच द्यावी, अशी तिची अपेक्षा. अपेक्षाच, कारण सक्ती करणारा कायदा नाही. रोखेधारकांशी तडजोड व्हायला २०२४ उजाडलं. त्या मधल्या वर्षांत दवाखान्याला आणि शाळेला पैसा कमी पडला तो झांबियाच्या लोकांना.

जवळचं उदाहरण श्रीलंकेचं. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. कोलंबोत पेट्रोलच्या रांगा लागल्या होत्या, औषधं मिळत नव्हती. जूनमध्ये सेंट किट्स-नेव्हिस या बेटांवरची एक बँक न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली आणि २५ कोटी डॉलरहून जास्त रकमेचे रोखे दाखवून म्हणाली, आमचे आत्ता द्या. बाकीचे बसून तडजोड करत असताना एक जण अडून बसतो, म्हणजे बाकीच्यांच्या सोडलेल्या पैशातून आपले पूर्ण वसूल होतील. अशा अडून बसणाऱ्याला वठणीवर आणायला कायदाच लागतो.

आणि इथे मला माझ्या जिल्ह्याचा अभिमान वाटतो, तो लपवायचं कारण नाही. हाच कायदा वऱ्हाडात १९३३ मध्ये झाला होता. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख १९३० पासून मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते. जगभर मंदी होती, कापसाचा भाव कोसळला होता, शेतसारा आणि व्याज मात्र होतं तिथेच. पंजाबरावांनी लावून धरलेला कर्ज लवाद कायदा त्या काळातला. त्याची रीत पाहा. ऋणको आणि त्याचे सगळे धनको मंडळापुढे बसवायचे. कर्जाच्या ठरावीक हिश्श्याचे धनको तडजोडीला तयार झाले की ती नोंदवायची. एखादा धनको रास्त देकार असूनही अडून बसला, तर मंडळ ऋणकोला तसा दाखला देणार. मग त्या धनकोने खुशाल दिवाणी दावा लावावा. त्याला दाव्याचा खर्च मिळणार नाही, त्या तारखेपासून व्याज बेताचंच मिळणार, आणि वसुलीत तडजोड मान्य केलेल्यांचा नंबर आधी लागणार. अडून बसण्यातला सगळा फायदाच काढून घेतला. आज न्यूयॉर्कच्या विधिमंडळात अडून बसणाऱ्या धनकोंबद्दल जी विधेयकं मांडली जातात, त्यांचा जीव यापेक्षा वेगळा नाही. नव्वद वर्षांपूर्वी पापळच्या शेतकऱ्याच्या पोराला जे सुचलं आणि त्याने करून दाखवलं, ते आज जगाला सांगायला आपण कशाला लाजायचं?

“उद्या उसने कोन देईन?” हा काकाजींचा सर्वांत खरा प्रश्न. तो मी झटकून टाकणार नाही. १८७९ च्या कायद्यानंतर दख्खनेत सावकारांनी हात आखडला हे खरं आहे. रोख्याची चौकशी होते म्हटल्यावर त्यांनी रोखे सोडून खरेदीखतं करून घ्यायला सुरुवात केली हेही खरं आहे. आत्याच्या घरच्या कागदाचा आजा तोच. पण यातून निघतं काय? कायदा अर्धवट ठेवला की सावकार उरलेल्या अर्ध्यातून वाट काढतो. पुढे त्या कायद्यात दुरुस्ती होऊन, खरेदी दाखवलेला व्यवहार मुळात गहाण होता का हे तपासायची मुभा न्यायालयाला मिळाली. आणि दुसरीकडे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. शेतकऱ्याला पैसा हवा तर तो देणारी रास्त जागा उभी करायची असते. ती केली नाही म्हणून जळू अंगावर ठेवावी, हा कुठला उपाय?

देशांच्या बाबतीत तर ही भीती पडताळून झाली आहे. ब्रिटनचा २०१० चा कायदा आधी एका वर्षापुरताच होता, बाजारात काय होतं ते बघू म्हणून. अनर्थ काही झाला नाही आणि २०११ मध्ये त्याच देशाने तो कायम केला. त्याआधीचं उदाहरण जर्मनीचं. फेब्रुवारी १९५३ मध्ये लंडनला करार होऊन पश्चिम जर्मनीचं सुमारे निम्मं कर्ज माफ झालं, त्यात खासगी धनकोंचं कर्जही होतं. उरलेलं फेडणं निर्यातीच्या ताकदीशी जोडलं. त्यानंतर जर्मनीला कर्ज मिळेनासं झालं असं कुणी ऐकलं आहे का? ज्याचं ओझं आवाक्यात येतं तोच फेडतो. जो उभाच राहत नाही त्याच्याकडून वसुली कसली?

आणखी एका ठिकाणी आपली फसगत होते, आणि मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते याच्यावर. आपण कायदा मागतो आणि सरकार माफी देतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं परवानाधारक सावकारांकडचं कर्ज माफ करण्याचा निर्णय झाला. गहाण पडलेली डोरली, गोठ, बांगड्या सुटून घरी आल्या. ज्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्र परत आलं तिच्या आनंदाला मी नाव ठेवणार नाही. पण हिशेब नीट बघा. सावकाराने सोडलं काय? काहीच नाही. त्याचं मुद्दल आणि व्याज सरकारी तिजोरीतून त्याला मिळालं. ती तिजोरी तुमच्या-माझ्या करांची. शिवाय अट अशी की सावकाराने परवान्याच्या कार्यक्षेत्रात दिलेलं कर्जच माफ. चांदूर बाजारची, भातकुलीची बाई सोनं गहाण ठेवायला अमरावतीच्या सराफ्यात येते; कार्यक्षेत्र कुठपर्यंत आहे हे तिने कधी विचारलं असणार? अशा असंख्य जणी बाहेर राहिल्या, आणि त्यांच्यासाठी सरकारला पुढे वेगळा निर्णय घ्यावा लागला. बिनपरवाना सावकाराकडे अडकलेल्याला तर माफीत जागाच नव्हती. मेल्यावरही नाही: आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला एक लाखाची मदत द्यायची की नाही हे ठरवताना कर्ज बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा मान्यताप्राप्त सावकाराचं आहे का, हे पाहिलं जातं. जो सर्वांत निर्दय सावकाराच्या तावडीत होता, त्याचंच घर अपात्र.

डोनेगलच्या गोष्टीत आणि या माफीत काय फरक आहे? दोन्हीकडे सवलत जाहीर झाली गरिबाच्या नावाने आणि पैसा पोचला धनकोच्या खिशात. सवलत ऋणकोच्या दारात थांबते की सावकाराच्या तिजोरीत जाते, हे कायदा ठरवतो. म्हणून मी माफीच्या मोर्चात जात नाही, कायद्याच्या निवेदनावर सह्या मागतो.

कायदा नुसता छापून भागत नाही हेही वऱ्हाडाला सांगायला नको. २००६ मध्ये खामगावच्या पोलीस ठाण्याच्या डायरीत एक नोंद झाली: सावकारीच्या तक्रारीत एका आमदाराच्या घरच्यांवर गुन्हा नोंदवू नये असा निरोप मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून फोनवर आला होता. एका शेतकऱ्याने ते प्रकरण सोडलं नाही. १४ डिसेंबर २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने मुख्यमंत्र्यांच्या त्या हस्तक्षेपावर कडक ताशेरे ओढले आणि महाराष्ट्र सरकारला दहा लाखांचा दंड ठोठावला. ठाण्यातल्या कुण्या अंमलदाराने तो फोन प्रामाणिकपणे डायरीत लिहिला म्हणून हे उघडकीस आलं. त्या अंमलदाराला माझा नमस्कार.

आता झांबियाचं आपल्याला काय करायचं आहे, यावर. काकाजी, आपला वऱ्हाड प्रांतच कर्जात गहाण पडला होता. सोन्याची कुऱ्हाड म्हणतात त्या वऱ्हाडाची ही गोष्ट शाळेत कुणी आपल्याला धड सांगितली नाही.

हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी होती. ती निजामाच्या सरकारला शेकडा २५ च्या आसपास व्याजाने पैसा पुरवायची. इंग्रज प्रजाजनाने हिंदुस्थानी राजाला परवानगीशिवाय कर्ज देऊ नये, असा ब्रिटिश पार्लमेंटचा कायदा १७९७ पासून होता. म्हणजे खासगी सावकार परक्या राज्याला कसा बुडवतो हे त्यांनाही तेव्हाच कळलेलं होतं. १८१६ मध्ये गव्हर्नर-जनरलने पामरच्या पेढीला त्या कायद्यातून सूट दिली. कर्ज फुगत गेलं. त्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज: हुकूम इंग्रज रेसिडेंटचा, पगार निजामाचा. पगार थकला की ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या पदरचे द्यायचे आणि निजामाच्या नावे मांडायचे. त्या थकबाकीपोटी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या हातात गेला. १८६० मध्ये सुमारे ५० लाखांची ती बाकी माफ झाली, आणि तरीही वऱ्हाड परत मिळाला नाही. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांच्या कायमच्या पट्ट्याने तो इंग्रजांकडेच राहिला. कर्ज फिटलं, वावर परत फिरलं नाही. आत्याच्या घरचीच ही गोष्ट, फक्त मोठी, आणि शेवट उलटा.

आणि फार लांब कशाला जायचं? १९९१ मध्ये आपल्या देशाने परकीय चलनासाठी सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवलं होतं. ते दिवस आठवणारी माणसं अजून आपल्या बैठकीत बसतात. तेव्हा आपल्याला वाईट वाटलं ना? मग श्रीलंकेच्या बाईला औषध मिळत नाही तेव्हा ते आपलं नाही असं कसं म्हणायचं?

आता आपल्या अंगणातलं. वलगावात आणि आजूबाजूच्या गावांत हप्त्याच्या दिवशी सकाळी बायका गोळा होतात. चटईवर वही उघडलेली, वसुलीचा पोरगा मोटारसायकल उभी करून बसलेला, आणि एकीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्या नऊ जणी तिच्याकडे पाहतायत. त्या चटईवर वही आहे कंपनीची. २०१४ च्या कायद्याने बांधलेला परवानाधारक सावकार शेतीसाठी तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के, इतर कामासाठी १५ आणि १८ टक्के, याहून जास्त व्याज घेऊ शकत नाही. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ ला दिला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म कर्जावरचा व्याजदर ठरवणं कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सोडलं. हप्ता घराच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावा, एवढी मर्यादा घातली. घरात येणाऱ्या दर दोन रुपयांतला एक हप्त्यात जाऊ शकतो, याला मर्यादा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कर्नाटकाने २०२५ च्या फेब्रुवारीत निदान धाकदपटशाच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. महाराष्ट्राने तेवढं तरी करावं, आणि व्याजाचा प्रश्न दिल्लीत लावून धरावा. पंजाबरावांचं लवाद मंडळ नव्या रूपात परत आणावं: एका घराचे सगळे धनको, बँक, कंपनी, सराफ, सावकार, एका टेबलाभोवती बसतील, आणि अडून बसणाऱ्याचा फायदा कायद्याने काढून घेतलेला असेल. जे घरासाठी मागतो तेच देशांसाठी मागतो.

काकाजींनी अजून सही केलेली नाही. त्यांच्यासाठी कागद ठेवला आहे. पण सहीची वाट पाहत बसण्याआधी करायचं एक काम आहे, ते हा लेख वाचणाऱ्या वलगावच्या, भातकुलीच्या, मूर्तिजापूरच्या प्रत्येकाला सांगतो. ज्याच्या घरी पेटीत असं खरेदीखत पडलं आहे, जे खरेदीखत नव्हतंच, त्याने ते बाहेर काढावं. पेऱ्याच्या नोंदी, बियाण्याच्या पावत्या, बाजार समितीच्या पट्ट्या, व्याज दिल्याची कुठली चिठ्ठी असेल तर ती, सगळं एकत्र जोडावं आणि जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे कलम १८ खाली अर्ज द्यावा. कायद्याने मुदत घातलेली आहे. ती उलटण्याआधी द्यावा.